वाचकांचे प्रश्न : स्टोमाभोवतीची त्वचा सपाट नसेल तर पिशवीची गळती कशी रोखावी?

स्टोमाच्या, म्हणजे मल किंवा मूत्र पिशवीत जावे म्हणून शस्त्रक्रियेने पोटावर केलेल्या तोंडाच्या, निगेविषयी या सदरात पूर्वी एक छोटे उत्तर दिले होते, त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : पिशवी गळते, आणि स्टोमाभोवती व्रण, वळ्या किंवा खळगे असल्यामुळे काहीही केले तरी गळते. म्हणून या वेळी सगळी जागा याच विषयाला दिली आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पाठवणाऱ्यांची नावे नेहमीप्रमाणे वगळली आहेत. पोटाला चिकटणाऱ्या चकतीला कोणी बेसप्लेट म्हणतात, कोणी वेफर, तर कोणी फ्लॅन्ज. मी सरसकट फ्लॅन्ज हाच शब्द वापरला आहे.

प्रश्न : सात महिन्यांपूर्वी माझी आयलिऑस्टॉमी (लहान आतड्याचे तोंड पोटावर काढण्याची शस्त्रक्रिया) झाली. पोटाच्या मधोमध आधीच्या शस्त्रक्रियेचा उभा व्रण असून तो आत ओढला गेला आहे, आणि स्टोमाच्या खालच्या अंगाला नळी घातल्याची एक खळगी आहे. फ्लॅन्ज किमान तीन दिवस टिकावी अशी अपेक्षा असताना ती दुसऱ्याच दिवशी गळते. मी पेस्ट दुप्पट केली, कडेने चिकटपट्टीही लावली, तरी फरक पडत नाही. याहून चांगली चिकटणारी पेस्ट कोणती?

उत्तर : तुमचे शेवटचे वाक्य आधी बाजूला ठेवू या, कारण पेस्ट ही चिकटवण्यासाठी नसतेच. भिंतीला रंग देण्यापूर्वी रंगारी भेगांमध्ये लांबी भरतो ती रंग चिकटावा म्हणून नव्हे, तर पृष्ठभाग सपाट व्हावा म्हणून. स्टोमा पेस्टचे काम नेमके तेवढेच आहे. ती जाड थरात लावली की फ्लॅन्ज त्वचेपासून उचललेली राहते, पातळ स्रावाने तो थर मऊ होऊन विरघळू लागतो, आणि ज्या वाटेने गळती होत होती ती वाट बुजण्याऐवजी रुंदावते. या कामात नवी असताना मी स्वतः एका रुग्णाच्या स्टोमाभोवती टूथपेस्टसारखे जाडजूड कडे काढून, काम चोख झाल्याच्या समाधानात घरी गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती फ्लॅन्ज हातात आली तेव्हा पेस्टचा चिखल झाला होता आणि त्याखालची त्वचा लालबुंद होती. त्या दिवसापासून पेस्टची ट्यूब मी जपूनच दाबते.

फ्लॅन्ज चिकटते कशी, हे समजले की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. तिच्या चिकट थरात पेक्टिन, जिलेटिन, कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोज यांसारखे पाणी शोषणारे पदार्थ असतात. (हे पदार्थ येण्यापूर्वी, 1950च्या दशकात, कांडोळ या झाडाचा डिंक याच कामासाठी वापरला जाऊ लागला होता, तोही पाणी शोषून चिकट होतो.) हा थर उबेने मऊ होतो, दाबाने त्वचेच्या बारीक रेषांमध्ये शिरतो आणि मग पकड घेतो. त्वचा सपाट आणि कोरडी असेल तर ही पकड चांगली बसते. व्रणाच्या चरावर मात्र फ्लॅन्ज पुलासारखी वरून ताणली जाते आणि खाली पोकळी राहते. आयलिऑस्टॉमीचा स्राव पातळ असतो, त्यात पचनाचे एन्झाइम असतात, आणि त्याला एवढी पन्हळ पुरते. तो कडेपर्यंत पोचण्याआधीच आतल्या आत त्वचा जाळू लागतो, म्हणून बाहेर काही दिसण्याच्या कितीतरी आधी आग होते किंवा खाज सुटते. ती जाणवली की बाहेर डाग दिसण्याची वाट न पाहता फ्लॅन्ज काढावी. कडेने चिकटपट्टी लावणे मी याच कारणाने नापसंत करते : गळती थांबत नाही, फक्त दिसेनाशी होते, आणि स्राव त्वचेवर अधिक काळ कोंडून राहतो.

आता शोधाचा भाग. पुढच्या वेळी फ्लॅन्ज काढण्यापूर्वी तिच्या वरच्या कडेवर, म्हणजे डोक्याकडच्या बाजूला, पेनाने एक खूण करा. ती काढल्यावर लगेच टाकून न देता उजेडात उलटी धरा आणि घड्याळाच्या तबकडीसारखी वाचा. भोकाभोवती सगळीकडे सारखाच पांढुरका, फुगलेला पट्टा दिसला तर ती नेहमीची झीज असते. पण त्या पट्ट्यातून एखादी तपकिरी जीभ कडेकडे निघालेली दिसली, तर तीच गळतीची वाट होय. येथे पुष्कळ जण एक चूक करतात : फ्लॅन्ज उलटी केली की डावे-उजवे बदलते, त्यामुळे मागच्या बाजूला चारच्या काट्यावर दिसणारा डाग पोटावर मात्र आठच्या काट्याच्या जागी असतो. खूण वर ठेवून फ्लॅन्ज पुन्हा पोटासमोर धरून पाहिली की हा घोळ होत नाही. सलग तीन फ्लॅन्ज अशा पाहाव्यात. तिन्हींवर जीभ एकाच दिशेला असेल, तर दोष पोटाच्या त्या जागेत आहे. प्रत्येक वेळी दिशा बदलत असेल, तर भोकाचे माप, त्वचेचा ओलावा किंवा लावण्याची पद्धत तपासायला हवी.

जागा कळली की पोटाचा नकाशा काढायचा, आणि तो उताणे पडून नव्हे. आडवे पडलेले पोट फसवे असते. त्यावरचे खळगे आणि वळ्या बहुतांशी पसरून जातात. आरशासमोर आधी उभे राहा, मग खुर्चीवर नेहमी बसता तसे बसा, मग चपला घालताना वाकता तसे पुढे वाका, आणि प्रत्येक वेळी व्रण किती आत जातो व कोणती वळी स्टोमापर्यंत येते ते पाहा. नव्या फ्लॅन्जच्या मागचा पारदर्शक कागद स्टोमाभोवती धरून त्यावर व्रण, खळगी आणि वळी मार्करने काढून ठेवली, तर पुढच्या प्रत्येक वेळी तोच कागद नव्या फ्लॅन्जच्या मागे धरून कोठे भरायचे ते आधीच ठरवता येते. तो कागद फ्लॅन्जच्या चिकट बाजूवर धरताना उलटा करावा लागतो, एवढे लक्षात असू द्या.

भरण्यासाठी तुमच्यासारख्या व्रणावर मी पेस्टपेक्षा मळता येणारी पट्टी किंवा रिंग पसंत करते, कारण तिला हवा तो आकार देता येतो, ती पातळ स्रावात अधिक काळ टिकते आणि बहुधा अल्कोहोलविरहित असते. पट्टीचा छोटा तुकडा बोटांमध्ये मळून मऊ करावा आणि व्रणाच्या चराएवढाच लांब, चराएवढाच खोल करून त्यात बसवावा. मग त्यावरून बोट फिरवावे. बोटाला खळगाही लागू नये आणि उंचवटाही लागू नये. खळगी गोल असेल तर तेवढीच गोळी चेपून बसवावी. संपूर्ण रिंग सगळीकडे लावण्याची सवय मला पटत नाही. जेथे त्वचा सपाट आहे तेथे रिंग स्वतःच नवा उंचवटा तयार करते. पेस्ट वापरायचीच असेल तर चरात बारीक रेघ घालावी, ओल्या बोटाने सपाट करावी आणि तिच्यातील अल्कोहोल उडून जाण्यासाठी साधारण अर्धा ते एक मिनिट थांबून मगच फ्लॅन्ज लावावी.

लावण्याविषयी थोडेसे. त्वचा साध्या पाण्याने धुवावी. तेल, क्रीम, मॉइश्चरायझर असलेला साबण किंवा ओले सुगंधी टिश्यू वापरू नयेत, कारण त्यांचा अदृश्य थर पकड घेऊ देत नाही. जुन्या चिकटपणासाठी सिलिकॉनचा रिमूव्हर चालतो. केस असतील तर ते ट्रिमरने कापावेत. वस्तऱ्याने केसांची मुळे दुखावतात आणि तेथे पुरळ उठते. त्वचा टिपून कोरडी करावी, चोळू नये. फ्लॅन्ज लावण्यापूर्वी ती काही मिनिटे दोन तळव्यांमध्ये किंवा काखेत धरून ऊबदार करावी, लावल्यावर आधी स्टोमाला लागून आतल्या कडेवर, मग बाहेरच्या दिशेने दाब द्यावा, आणि त्यानंतर तळहात पिशवीवर ठेवून चार-पाच मिनिटे स्वस्थ बसावे. ही पाच मिनिटे बहुतेक जण गाळतात आणि मग फ्लॅन्जला दोष देतात. पूर्ण पकड यायला त्याहूनही वेळ लागतो, म्हणून लावल्यावर लगेच वाकण्याचे काम किंवा अंघोळ टाळावी.

भोकाचे मापही पुन्हा घ्या. शस्त्रक्रियेनंतर सहा ते आठ आठवड्यांत स्टोमाची सूज उतरते आणि तो लहान होतो. तरीही रुग्णालयातून मिळालेल्या जुन्या मापानेच वर्षभर भोक कापणारे रुग्ण मी पाहिले आहेत. स्टोमाच्या कडेपासून फ्लॅन्जच्या कडेपर्यंत 2 ते 3 मिलिमीटर मोकळे राहावे, त्याहून अधिक नको. स्टोमा लंबगोल असेल तर भोकही लंबगोलच हवे. आणि इतके करूनही फ्लॅन्ज नेमकी दोनच दिवस टिकत असेल, तर ती गळण्याआधी, दोन दिवसांनी ठरवून बदलणे हाही उपायच आहे. आयलिऑस्टॉमीत सकाळी काही खाण्यापिण्यापूर्वी स्राव सर्वांत कमी असतो, तेव्हा बदलावी. पिशवी तिसरा हिस्सा किंवा फार तर निम्मी भरली की रिकामी करावी. भरलेल्या पिशवीचे वजन फ्लॅन्जला नेमके त्या चराच्या बाजूनेच ओढते.

प्रश्न : माझा स्टोमा त्वचेच्या पातळीत, किंबहुना थोडा आतच आहे. वजन वाढल्यापासून बसल्यावर त्याच्या दोन्ही बाजूंना आडवी घडी पडते. कॉन्व्हेक्स (मधोमध फुगीर) फ्लॅन्ज वापरून पाहा असे एका परिचितांनी सुचवले, म्हणून मी सर्वांत कडक आणि सर्वांत खोल फ्लॅन्ज घेतली व पट्टाही आवळून बांधला. गळती कमी झाली, पण स्टोमाभोवती निळसर वर्तुळ उमटले आहे. वापर चालू ठेवावा का?

उत्तर : तूर्त थांबवा आणि आठवडाभरही न थांबता स्टोमा नर्सला किंवा तुमच्या शल्यचिकित्सकांना ते वर्तुळ दाखवा. निळसर खूण म्हणजे त्वचेवर अति दाब पडल्याची पहिली सूचना आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष केले तर पुढे तेथे जखम होते. मधल्या काळात सपाट किंवा मऊ फ्लॅन्ज आणि रिंग वापरून, ती अधिक वेळा बदलून दिवस काढावेत.

परिचितांचा सल्ला मुळात चुकीचा नव्हता. आयलिऑस्टॉमीचा स्टोमा त्वचेपासून साधारण 2 ते 3 सेंटिमीटर बाहेर आलेला असावा, हा विचार ब्रुक या ब्रिटिश शल्यचिकित्सकाने 1952 मध्ये आतडे उलटवून शिवण्याची जी पद्धत मांडली तेव्हापासून रूढ आहे. स्राव नळाच्या तोटीतून पडावा तसा पिशवीत पडावा आणि त्वचेला शिवू नये, हा त्यामागचा हेतू आहे. तुमच्याकडे ही तोटी नाही, म्हणून स्राव बाहेर येताच फ्लॅन्जखाली शिरतो. कॉन्व्हेक्स फ्लॅन्जचा मधला फुगीर भाग स्टोमाभोवतीची त्वचा खाली दाबतो, त्यामुळे स्टोमा थोडा वर उचलला जातो आणि जवळच्या घड्या ताणल्या जातात.

चूक झाली ती निवडीत. फुगवट्याची खोली, त्याचा कडकपणा आणि त्याचा घेर या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सर्वांत जोरदार ते सर्वांत चांगले, असा हिशोब येथे चालत नाही. पोट मऊ आणि लुसलुशीत असेल तर त्याला थोडा कडक फुगवटा पेलतो, कारण मऊ फुगवटा त्यात नुसताच बुडून जातो. पोट घट्ट असेल तर उलट मऊ फुगवटा हवा, कारण कडक फुगवटा तेथे त्वचेला दाबून टाकतो किंवा स्वतःच उचलला जातो. हे बोटाने दाबूनच ठरवावे लागते आणि ते बसलेल्या स्थितीत ठरवावे. फुगवट्याचा घेरही महत्त्वाचा असतो : दाब स्टोमाच्या लगत पडायला हवा, तो दूर घडीच्या पलीकडे पडला, तर घडी तशीच राहते. म्हणून कमीत कमी खोलीपासून सुरुवात करावी, पहिल्या वेळी ती दुसऱ्याच दिवशी काढून त्वचा पाहावी, आणि काही तासांत न ओसरणारी लाली, निळेपणा किंवा दुखणे नसेल तरच मुदत वाढवावी.

पट्टा फ्लॅन्जच्या बरोबर पातळीत, कमरेभोवती सरळ रेषेत बसावा. तो वर चढला तर फ्लॅन्ज एका बाजूने उचलली जाते. पट्ट्याखाली दोन बोटे सहज सरकली पाहिजेत. यकृताच्या आजारामुळे ज्यांच्या स्टोमाभोवती निळ्या, फुगलेल्या शिरा दिसतात, त्यांनी मात्र कॉन्व्हेक्स फ्लॅन्ज डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरूच नये. दाबाने त्या शिरांतून जोराचा रक्तस्राव होऊ शकतो. शस्त्रक्रियेच्या टाक्यांची जागा अजून भरून आली नसेल, तरीही हा निर्णय स्वतः घेऊ नये.

दूरच्या घडीसाठी एक साधी युक्ती आहे. फ्लॅन्जची बाहेरची कड घडी पडते त्या रेषेत मुडपत असेल, तर तेथे कडेला एक-दोन छोट्या आडव्या चिरा द्याव्यात, म्हणजे फ्लॅन्ज घडीबरोबर वाकते आणि सुटत नाही. चिरा बाहेरच्या कडेपुरत्याच ठेवाव्यात, भोकाच्या दिशेने खोल नेऊ नयेत.

प्रश्न : गळतीमुळे त्वचा सोलवटली आहे आणि ओलसर राहते, त्यामुळे नवी फ्लॅन्ज चिकटतच नाही. मी भरपूर स्टोमा पावडर टाकते, वर मलमही लावून पाहिले.

उत्तर : मलम बंद करा, त्यावर काहीही चिकटणार नाही. पावडरही भरपूर नको. ती फक्त ओल्या, सोलवटलेल्या जागेवर भुरभुरावी आणि मऊ कापडाने जास्तीची झटकून टाकावी. कोरड्या त्वचेवर राहिलेली पावडर फ्लॅन्ज आणि त्वचा यांच्यामध्ये धुळीसारखी येते. त्यावर अल्कोहोलविरहित संरक्षक फिल्म टिपून लावावी किंवा फवारावी, ती वाळू द्यावी, आणि हेच दोन-तीन वेळा करावे. बोट फिरवल्यावर खरखरीत, कोरडा पापुद्रा लागला की त्यावर फ्लॅन्ज लावता येते. अशा त्वचेवर अल्कोहोल असलेली पेस्ट लावली तर असह्य झोंबते, तेव्हा पट्टी किंवा रिंगच वापरावी.

मात्र दोन गोष्टी या उपायाने बऱ्या होत नाहीत. मुख्य लालीच्या बाहेर, थोड्या अंतरावर बारीक लाल पुटकुळ्या विखुरलेल्या दिसत असतील आणि खाज फार असेल, तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. त्यासाठी डॉक्टर बुरशीनाशक औषध शक्यतो पावडरच्या रूपात देतात. आणि लालीचा आकार फ्लॅन्जच्या किंवा तिच्या चिकटपट्टीच्या आकाराशी तंतोतंत जुळत असेल, तर त्या पदार्थाची ॲलर्जी असल्याचा संशय घ्यावा. तेथे पावडर टाकत राहण्याने वेळ वाया जातो, प्रकार बदलावा लागतो.

प्रश्न : वडिलांच्या स्टोमाभोवती हर्निया झाला आहे. उभे राहिले की फुगा येतो, झोपले की जातो. फ्लॅन्जची कड सुटते.

उत्तर : येथे खळग्याची नव्हे, टेकडीची अडचण आहे, म्हणून वरचे बरेचसे उपाय उलटे लागू होतात. कडक कॉन्व्हेक्स फ्लॅन्ज त्यांना नको. फुग्यावरची त्वचा ताणलेली असते, तिच्यावर ताठ चकती डुगडुगते; एकसंध, लवचिक पिशवी किंवा फुग्याला कवेत घेणारी, आत वळलेल्या आकाराची फ्लॅन्ज अधिक चांगली बसते. स्टोमाचा आकार उभे राहिल्यावर आणि झोपल्यावर बदलतो, तेव्हा माप दोन्ही स्थितींत घेऊन मोठ्या मापाला जुळेल असे भोक ठेवावे व मधली उघडी राहणारी त्वचा रिंगने झाकावी. आधाराचा पट्टा मापानेच घ्यावा आणि फुगा आत गेलेला असताना, झोपूनच बांधावा. फुगा झोपल्यावरही आत जाईनासा झाला, तीव्र दुखू लागला, उलट्या सुरू झाल्या किंवा स्राव थांबला, तर त्याच क्षणी रुग्णालयात न्यावे. स्टोमा काळपट किंवा गडद जांभळा दिसू लागला तरीही तेच.

प्रश्न : हा सगळा खटाटोप करण्यापेक्षा शस्त्रक्रिया करून व्रणच काढून टाकला किंवा स्टोमाची जागा बदलली तर?

उत्तर : तसे करता येते, आणि आत ओढलेला स्टोमा पुन्हा बाहेर काढणे किंवा तो दुसऱ्या, सपाट जागी नेणे हे काही रुग्णांसाठी योग्यही ठरते. पण प्रत्येक नवी शस्त्रक्रिया पोटावर एक नवा व्रण ठेवून जाते, आणि ताजा व्रण वर्ष-दीड वर्ष बदलत राहतो : आधी घट्ट व उंच असतो, मग मऊ होतो, कधी आत बसतो. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्षात, काही तातडीचे कारण नसेल तर, मी आधी फ्लॅन्ज बदलून पाहण्याच्या बाजूची आहे. वजन बरेच वाढले वा कमी झाले असेल तर ते स्थिरावू द्यावे. नवी जागा ठरलीच, तर ती शस्त्रक्रियेपूर्वी तुम्हाला झोपवून, बसवून, उभे करून आणि वाकवून, वळ्या व व्रण टाळून, तुम्हाला स्वतःला दिसेल अशा ठिकाणी पेनाने आखली जाईल, याचा आग्रह धरा. त्या भेटीला जाताना मागच्या चार-पाच फ्लॅन्जच्या मागच्या बाजूचे, वरची खूण दिसेल असे फोटो तारखांसह न्या. नुसते “सारखी गळते” असे सांगण्यापेक्षा त्या फोटोंवरून शल्यचिकित्सकांना अधिक कळते.